चाल तळव्यात असते

दोन पायांवर चालणारं यंत्र समोर आलं की बघणाऱ्याची नजर आधी गुडघ्यांवर खिळते. ती जरा खाली उतरू द्यावी. चाल साधली आहे की नाही, हे तळवे सांगतात. माझ्या पुतणीने लेगोच्या ठोकळ्यांतून उभा केलेला वीतभर उंचीचा मोटरवाला गडी मी गेल्या गणपतीपासून पाहतो आहे, आणि दर वेळी त्याच्या तळव्यांपाशीच येऊन थांबतो.

आमचं तळेरं म्हणजे नाक्याचं गाव. मुंबई-गोवा महामार्गावरून इथे एक रस्ता वैभववाडी, गगनबावडा करत कोल्हापूरला चढतो, दुसरा विजयदुर्गाकडे उतरतो. ठोकळ्यांचा डबा आला तो चाकरमान्यांच्या सामानातून. मुंबईतल्या दोन-तीन घरांतल्या मोठ्या झालेल्या मुलांचं ते उरलंसुरलं होतं. सोबत पुस्तिका नाही, चित्र नाही आणि सगळे तुकडे वेगवेगळ्या काळातले. तरीही ते एकमेकांत बसले. ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 ला अर्ज झाला, त्याच्या मापाशी कंपनी आजवर इमानाने राहिली आहे. 1977 पासून त्यात ‘टेक्निक’ ही जात आली: भोकांच्या पट्ट्या, शाफ्ट, गियर. आमचा गडी बहुतेक त्याच जातीचा.

रसिकाने पहिल्यांदा जाणून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे इथलं बंधन. दोन भोकांमधलं अंतर 8 मिलिमीटर, त्याच्या अधेमधे काही मिळत नाही. करणाऱ्याला साडेनऊ हवे असतील तर त्याने आपला विचार बदलायचा. पण याच बंधनाने गियर किती सुरेख बसवले आहेत पाहा. या गियरचे जितके दाते, तितक्या मिलिमीटरचा त्याचा कामाचा व्यास. म्हणजे 8 दात्यांचं आणि 24 दात्यांचं गियर एकमेकांना भिडवलं, तर दोन्ही शाफ्टमधलं अंतर 4 अधिक 12, म्हणजे 16 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन भोकं. कुठे मोजपट्टी लावायला नको. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रा सांभाळताना नेमका शब्द सापडतो, तसं इथे करणाऱ्याला नेमकं भोक सापडतं.

मोटर रिकामी फिरली तर मिनिटाला साधारण 400 फेऱ्या घेते. पायांना तो वेग काय कामाचा? म्हणून मोटरच्या शाफ्टवर वर्म गियर, म्हणजे स्क्रूसारखं आट्यांचं गियर, आणि त्याला भिडलेलं 24 दात्यांचं गियर. वर्मच्या 24 फेऱ्या झाल्या की पुढची एक होते. वेग मिनिटाला 16-17 फेऱ्यांवर येतो, आणि गड्याचं वजन आल्यावर आणखी उतरतो. या निवडीत दुसरंही एक शहाणपण आहे. वर्म गियर फिरवतं, पण उलटं फिरवून घेत नाही. चालता चालता मध्येच बटण बंद केलं तर गडी आहे त्या पवित्र्यात उभा राहतो, एक पाय अधांतरी. साध्या गियरवर तो हळूहळू बसकण मारण्याची शक्यता होती. अंगात सगळ्यांत जड काय, तर सहा सेलची पेटी. पुतणीने ती छातीत न घेता दोन्ही कुल्ल्यांच्या मध्ये, खाली घेतली आहे. जड वस्तू उंच ठेवली की तेवढ्याच झुकण्याने तोल लवकर जातो.

पाय कसे हलतात? पाय म्हणजे एक उभी पट्टी. ती वरच्या आणि खालच्या अशा दोन शाफ्टवरच्या दोन सारख्या क्रँकना, म्हणजे शाफ्टसोबत फिरणाऱ्या आखूड दांड्यांना, जोडलेली. दोन्ही क्रँक एकाच दिशेला, एकाच कोनात फिरतात, त्यामुळे पाय तिरका होत नाही. उभ्याचा उभाच राहून तो वर्तुळात फिरतो आणि तळवा सदैव जमिनीशी समांतर. उजवा पाय डाव्याच्या बरोबर अर्धी फेरी मागे.

इथे एक खोच आहे, आणि तिने ती ओळखली याचं मला फार कौतुक वाटतं. वरचा शाफ्ट मोटरने फिरवला आणि खालचा नुसता पायाच्या पट्टीने ओढला जाऊ दिला, तर फेरीत दोन ठिकाणी क्रँक आणि पट्टी एका रेषेत येतात. त्या क्षणी खालच्या क्रँकला कुठे वळावं हे सांगणारं कुणी नसतं. तो उलटाही फिरू शकतो आणि सगळा सांगाडा अडकतो. दुसरा पाय मदतीला येईल म्हणावं, तर तो अर्धी फेरी मागे असल्यामुळे त्याच वेळी त्याच कोंडीत असतो. तिचा उपाय असा: दोन्ही शाफ्टवर 24 दात्यांची गियर आणि त्यांच्या मधोमध 8 दात्यांचं एक. मधलं गियर दिशा दोनदा पालटतं, म्हणून वरचं-खालचं एकाच दिशेने फिरतं. शाफ्टमधलं अंतर दोन अधिक दोन, चार भोकं. पुन्हा बरोबर.

कमरेच्या चौकटीला आडवी तिरपी पट्टी मारलेली आहे. चौकोन डोलतो आणि त्रिकोण डोलत नाही, हे ती काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून शिकली होती. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं राबलेल्या अरविंद गुप्तांची ती शिकवण.

आता तळवे.

माणूस एक पाय उचलण्याआधी अंग दुसऱ्या पायावर कलंडवतो. गड्याला ते येत नाही, त्याला कंबर हलवता येत नाही. त्याचं वजन दोन पायांच्या मधल्या रेषेवर, आणि पाय त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे. एक उचलला की पडलाच. म्हणून मग वजन पायाकडे येत नसेल, तर पायाने वजनाखाली जायचं. दोन्ही तळवे आतल्या बाजूला वाढवून मधली रेषा ओलांडून पलीकडे नेलेले आहेत. पण दोघांनाही एकच जागा हवी, मग ते आपटणार. त्यासाठी डाव्या तळव्याला आत वळलेल्या दोन फांद्या, एक पुढे आणि एक मागे. उजव्याला एकच जीभ, ती त्या बेचक्यात शिरते.

हिशेब बघण्यासारखा आहे. क्रँकची त्रिज्या एक भोक. त्यामुळे एक तळवा दुसऱ्याच्या जास्तीत जास्त दोन भोकं पुढे जातो आणि दोन भोकं मागे. जीभ तीन भोकं रुंद. बेचकं निदान सात हवं. तिने आठ ठेवलं, कारण प्लास्टिकच्या पिनांना थोडी ढील असते आणि उचललेला पाय किंचित आत कलतो. उजव्या पायावर उभं असताना वजन जिभेवर असतं, ते आठ मिलिमीटर पुढे-मागे सरकतं, आणि जिभेची कड तिथून जेमतेम चार-पाच मिलिमीटरवर. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओरडलीच, “गो बाय, तो पडतलो!” तो पडला नाही. डाव्या पायावर तर वजन चक्क दोन फांद्यांमधल्या रिकाम्या जागेवर येतं. खाली काहीही नाही, तरी तो स्थिर, कारण तोलाच्या हिशेबात टेकलेल्या टोकांनी घेरलेली सगळी जागा आधारातच धरतात. हे मला या रचनेतलं सर्वांत देखणं स्थळ वाटतं.

चालीला लय आहे, आणि ती ऐकूही येते. पाय बदलण्याच्या क्षणी दोन्ही क्रँक आडवे असतात, म्हणजे तळव्याचा सगळा वेग वर-खाली, पुढे जाण्याचा वेग शून्य. त्यामुळे नवा पाय जरा जोरात ‘टप्’ टेकतो आणि गडी निमिषभर थबकतो. मग अंग आठ मिलिमीटर वर चढतं, मोटरचा आवाज दाटतो, मधोमध वेग सर्वांत जास्त, पुन्हा उतार, पुन्हा टप्. पाऊल 16 मिलिमीटरचं, मिनिटाला जेमतेम अर्धा मीटर. गणपतीच्या माटवीखालून दारापर्यंत जायला त्याला चांगला वेळ लागतो, आणि त्या वेळात घरातलं कुणी जागचं हलत नाही.

ही चाल हळू म्हणून कुणी कमी लेखू नये. टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इचिरो काटो यांच्या चमूने 1973 मध्ये वॅबॉट-1 चालवला, तोही असाच, दर क्षणी तोल राखून. एका पावलाला सुमारे 45 सेकंद लागत. याच्या अगदी उलट घराणं अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात दिसलं. मायकेल कोलमन आणि अँडी रुइना यांनी टिंकरटॉय या लाकडी खेळण्याच्या काड्यांतून दोन पायांचं खेळणं केलं आणि 1998 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मोटर नाही, सेल नाही. हलक्या उतारावर ते डुलत डुलत चालतं, पण स्थिर उभं मात्र राहू शकत नाही. आमच्या गड्याला कुठेही उभं राहता येतं, आणि त्याची किंमत तो डौलात मोजतो. माणसाची चाल त्या कॉर्नेलच्या खेळण्याला जवळची आहे, हे मान्य. तरी गियर, क्रँक, बेचकं असा एकेक निर्णय डोळ्यांनी वाचता येतो तो इथे, आणि म्हणून माझा कौल या गड्याला.

उणिवा आहेत. त्याला वळता येत नाही. लादीवर ठीक चालतो, खळ्यातल्या सारवणावर खड्याला जीभ अडली की तिथेच पाय झाडत राहतो. ‘टप्’ पुतणीला स्वतःलाच खटकतो. त्यासाठी ती आता चेबिशेव्हकडे वळली आहे. या रशियन गणितज्ञाचं पायांनी चालणारं यंत्र 1878 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं होतं. त्यातल्या जोडणीत क्रँक गोल फिरतो, पण पट्टीचं टोक जवळजवळ अर्धी फेरी सरळ रेषेत जातं आणि उरलेल्या वेळात उचलून परत येतं. प्रमाण असं: क्रँक दोन, दोन आधारांमधलं अंतर चार, झुलती पट्टी पाच, लांब पट्टी पाच अधिक पाच. सगळे पूर्णांक! 11 भोकांची पट्टी घ्यायची, सहाव्या भोकात पिन मारायची, झालं. तळवा सपाट ठेवायला मात्र वेगळी समांतर जोडणी करावी लागेल, आणि बेचक्याचा हिशेब पहिल्यापासून. मी तिला एवढंच म्हटलं की नवा गडी कर, पण त्यासाठी हा मोडू नकोस. तिचं म्हणणं, “काका, 24 चे गियर तेवढेच आहेत.”