संचयचकतीचे नकाशे : वर्णपट काय सांगतो आणि काय नाही

क्ष-किरण द्वैती ताऱ्यांमधल्या संचयचकतीचे रंगीत नकाशे पाहिले की ती चकती कोणीतरी दुर्बिणीतून पाहिली असावी, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला अशी सगळी जोडी एकच ठिपका दिसते. अभ्यासकाच्या हाती येतो तो त्या ठिपक्याचा वर्णपट.

या जोडीतला साधा तारा आपला वायू न्यूट्रॉन ताऱ्याला किंवा कृष्णविवराला देत असतो. तो वायू थेट कोसळत नाही, चकती होऊन फिरत राहतो. चकतीतून आलेल्या हायड्रोजनच्या ६,५६३ अँगस्ट्रॉमच्या तांबड्या रेषेला बहुधा दोन शिखरे असतात. एक आपल्याकडे येणाऱ्या वायूचे, दुसरे दूर जाणाऱ्याचे. केप्लरच्या नियमानुसार आतला वायू अधिक वेगवान असतो. म्हणून रेषेची दूरची टोके चकतीचा आतला भाग दाखवतात आणि शिखरांमधले अंतर बाहेरच्या कडेचा वेग सांगते.

१९८८ मध्ये टॉम मार्श आणि कीथ हॉर्न यांनी डॉप्लर टोमोग्राफी मांडली. कक्षेतल्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या वर्णपटांतून, सीटी स्कॅनसारख्याच गणिताने, नकाशा तयार होतो. परंतु तो वेगांचा नकाशा असतो. त्यात चकतीची आतली कड बाहेर आणि बाहेरची आत येते. वेगावरून जागा काढायची, तर वायू केप्लरच्या नियमानेच फिरतो असे धरावे लागते. शिवाय पद्धतीचे गृहीतक असे की, सगळी हालचाल कक्षेच्या प्रतलातच आहे.

हे गृहीतक कुठे मोडते, ते हंस तारकासमूहातल्या व्ही ४०४ सिग्नीने दाखवले. जून २०१५ मध्ये तिचा उद्रेक झाला. तेव्हा हायड्रोजन आणि हेलियमच्या रेषांच्या निळ्या बाजूला शोषण दिसले, म्हणजेच वायू आपल्या दिशेने बाहेर फेकला जात होता. त्याचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे एक टक्का, सेकंदाला ३,००० किलोमीटरच्या आसपास होता. मुन्योस-दारियास आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या निबंधानुसार या वाऱ्याने बाहेरची चकती इतकी रिकामी केली की उद्रेक लवकर आटोपला. अशा वेळी रेषेतला सगळा प्रकाश चकतीच्या नावे जमा करणे चुकीचे ठरते.

याच जोडीतले कृष्णविवर मात्र चकतीच्या रेषांवरून सिद्ध झाले नव्हते. १९९२ मध्ये कासारेस, चार्ल्स आणि नेलर यांनी सोबती ताऱ्याच्या शोषणरेषा मोजल्या. त्या सुमारे साडेसहा दिवसांच्या आवर्तनाने, सेकंदाला सुमारे २१० किलोमीटरने पुढेमागे सरकत होत्या. एवढ्यावरूनच अदृश्य वस्तूचे किमान वस्तुमान सूर्याच्या सहापटींहून अधिक निघाले. न्यूट्रॉन ताऱ्याची मर्यादा तीनपटींच्या आसपास असल्याने दुसरा पर्याय उरला नाही. या युक्तिवादाला चकतीचा आकार गृहीत धरावा लागत नाही, हेच त्याचे बळ.

म्हणून डॉप्लर नकाशे टाकाऊ ठरत नाहीत. सोबत्याकडून येणारी वायूची धार चकतीवर आदळते तो तप्त ठिपका त्यांच्यामुळे ओळखता येतो. अपेक्षा एवढीच की, नकाशा छापताना त्याचे अक्ष वेगाचे आहेत हे ठळक लिहावे आणि त्यामागची गृहीतके वाचकासमोर ठेवावीत. तसे न केल्यास गणिताने काढलेला अंदाज डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्याच्या जागी बसतो.