शिवी म्हणजे पुरावा नव्हे

'असॅसिन', म्हणजे मारेकरी, हा शब्द 'हशीश'वरून आला. कारण इराणच्या डोंगरातला एक पंथ तरुणांना हशीश देऊन खून करायला पाठवायचा. हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असणार. मीही वाचलं होतं आणि खरं मानलं होतं. पण नीट बघा, यात दोन दावे आहेत: एक शब्दाबद्दल, दुसरा माणसांबद्दल. पहिला टिकतो. दुसऱ्याचं काय होतं ते बघू.

हा पंथ म्हणजे निझारी इस्माइली. हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये अलमूतचा किल्ला घेतला. १२५६ मध्ये तो मंगोलांच्या हाती गेला. मधल्या काळात पंथाच्या फिदायींनी शत्रूंचे खून केले, यात वाद नाही. वाद आहे तो हशीशचा.

१८०९ मध्ये पॅरिसला सिल्व्हेस्त्र द सासी या अभ्यासकाने एक निबंध वाचला. या लोकांना 'हशीशी' म्हणत, हे त्याने अरबी ग्रंथांतून दाखवलं. हे काम पक्कं आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. घोटाळा पुढच्या पायरीवर आहे. असं नाव का पडलं? तर पंथात हशीश वापरत असणार, असं त्याने धरलं आणि आधाराला मार्को पोलोची बागेची गोष्ट घेतली. त्या गोष्टीत तरुणांना काहीतरी पाजून झोपवतात आणि ते 'स्वर्गात' जागे होतात. पण ते पेय हशीशचं होतं, असं मार्को कुठेच म्हणत नाही. शिवाय अलमूत पडलं तेव्हा तो लहान मूल होता. म्हणजे शब्दातली फट गोष्टीने बुजवली आणि गोष्टीतली फट शब्दाने!

मग हे नाव वापरत कोण होतं? १०९४ च्या वारसावादात निझारी कैरोच्या फातिमी खलिफांपासून फुटले. ११२३ च्या सुमाराच्या फातिमी पत्रात हा शब्द येतो. म्हणजे विरोधकाच्या तोंडी, आणि का म्हटलं याचा खुलासा न करता. आपणही म्हणतोच की, "गांजा मारून आलायस का?" तो काही तपासणीचा रिपोर्ट नसतो.

माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा जुवैनीचा. हा इतिहासकार मंगोलांबरोबर अलमूतला गेला, तिथलं ग्रंथालय त्याने स्वतः चाळलं आणि पाखंडी वाटलेली पुस्तकं जाळली. पंथाला तो मनसोक्त शिव्या देतो, पण हशीशचा आरोप करत नाही. कागदपत्रं हाताशी असलेला शत्रू गप्प बसतो, तेव्हा त्या गप्प बसण्यालाही किंमत असते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. "नशेत असा नेमका खून जमेलच कसा?" हा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो वापरू नका. द सासीचं म्हणणं नशेत खून करण्याचं नव्हतंच. हशीश स्वर्गाचा भास घडवायला, असं तो म्हणत होता. समोरच्याने न केलेला दावा खोडून आपण जिंकत नाही.

निझारी इस्माइली आजही आहेत. मुंबईतले आगाखानांना मानणारे खोजा त्याच पंथाचे. १९४६ मध्ये मुंबईतच इस्माइली सोसायटी निघाली आणि व्लादिमीर इव्हानोव्हने तिच्यातर्फे पंथाचे स्वतःचे ग्रंथ छापले. तोवर बाहेरच्या जगाला हे लोक कळायचे ते बहुतेक विरोधकांच्या लेखणीतून.

म्हणून संदर्भ वाचताना तीन प्रश्न विचारा: हे कोण म्हणतंय? त्याला कळायचा मार्ग काय होता? आणि दुसरा पुरावा खरोखर स्वतंत्र आहे, की पहिल्याचीच सावली?