‘डाग’, ‘गाठ’ आणि हरवलेले क्रियापद
(छातीच्या सीटी अहवालातील आनुषंगिक नोंदींची भाषा)

2020 व 2021 या वर्षांतील कोविडच्या साथीने मराठी वाचकापुढे एक अपरिचित गद्यप्रकार आणून ठेवला. तो म्हणजे छातीच्या सीटी तपासणीचा अहवाल. मुळात हे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरास लिहिलेले पत्र होय. साथीच्या काळात ते मोबाइलवरून घरोघर पोचले आणि ज्यांच्यासाठी ते लिहिलेले नव्हते तेच त्याचे वाचक झाले. या अहवालाच्या वैद्यकीय गुणदोषांची चर्चा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. जे शोधावयाचे नव्हते, परंतु तपासणीत सहज दृष्टीस पडले, अशा ‘आनुषंगिक’ नोंदींच्या भाषेचाच येथे विचार करावयाचा आहे.

साथीत लोकांनी या अहवालातील एकच आकडा वाचला. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन, अशा पाच खंडांना प्रत्येकी 0 ते 5 गुण देऊन 25 पैकी येणारी ती बेरीज होती. चाळीसगावात कुशलप्रश्नाची जागा काही काळ ‘स्कोर किती?’ या प्रश्नाने घेतली होती. आकडा कळला की वाचन संपे. हृदयाच्या धमनीत साठलेले कॅल्शियम, थायरॉइडमधील गाठ, पित्ताशयातील खडे, जुन्या क्षयाचे व्रण यांविषयीच्या ओळी असल्या तरी त्या न वाचताच राहत. काही घरांत या ओळी पुढे सवडीने वाचल्या गेल्या, आणि मग विपरीत घडले.

प्रस्तुत लेखकाच्या नावामागील ‘डॉक्टर’ ही उपाधी भाषाशास्त्राची आहे, हे ठाऊक असूनही एक परिचित गृहस्थ आपला अहवाल घेऊन आले. “सर, स्कोर सात शे, पन हाई गाठ काय शे?” असा त्यांचा प्रश्न होता. अहवालात ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ एवढेच शब्द होते. बहुधा ही जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाची खूण असते. परंतु घरात त्यांचा पेला निराळा झाला होता आणि मुलीच्या लग्नाची बोलणी थांबली होती.

याचे कारण अज्ञान नव्हे. शब्दांचा इतिहास होय. मराठीत ‘डाग’ म्हणजे कलंक, ‘डाग’ म्हणजे दागिना, आणि सामानाचा नगही ‘डाग’च. परंतु ‘छातीत डाग आहे’ म्हटले की गेल्या पिढीपासून अर्थ एकच, क्षय. ‘गाठ’ दोरीची असते, लग्नाची असते. शरीरात ती निघाली की मात्र मन कर्करोगाकडेच धावते. इंग्रजी अहवालात ग्रंथी, लहान गोळा, मोठा गोळा व ग्रॅन्युलोमा यांना वेगवेगळी नावे आहेत. घरगुती मराठीत या चारींची ‘गाठ’ होते.

तेव्हा नवे पारिभाषिक शब्द घडवावेत, असे कोणी म्हणेल. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयुक्त आहेतच. तथापि खरी उणीव नामाची नसून क्रियापदाची आहे. ‘उजव्या वरच्या खंडात लहान गोळा’ ही नोंद पदार्थाचे नाव सांगते, कर्तव्य सांगत नाही. वास्तविक ते अनेकदा सांगता येते. 35 वर्षांवरील, कमी जोखमीच्या व्यक्तीत सहज आढळलेला, 6 मिलिमीटरहून लहान असा एकटा घन गोळा पुन्हापुन्हा तपासण्याची सामान्यतः गरज नाही, असे फ्लायश्नर सोसायटीची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे वाक्य अहवालात नसेल तर ते भय पूर्ण करते. उलटपक्षी, धमनीतील कॅल्शियमविषयी डॉक्टरांना विचारावयास हवे, तेथे ते निष्काळजीपणा पूर्ण करतो.

क्ष-किरणतज्ज्ञास रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो, म्हणून तो निर्णय देत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘हे आपल्या डॉक्टरांना दाखवा’ किंवा ‘ही जुनी खूण दिसते’ एवढे म्हणण्यास पूर्वेतिहास लागत नाही.

या बाबतीत चाळीसगावास दूरचा दाखला शोधावा लागत नाही. जवळच पाटण येथे शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठास मिळालेल्या दानाचा तो लेख. वंशवर्णन व शास्त्रप्रशंसा संस्कृतात आहे. परंतु कोणी काय द्यावयाचे हा शेवटचा तपशील लोकभाषेत कोरला आहे. ज्याने वागावयाचे त्याच्या भाषेत सांगावयाचे, हा विवेक त्या लेखकास होता. सीटी अहवालाचे वर्णन इंग्रजीत राहो. त्याच्या अखेरीस मराठीची दोन वाक्ये, क्रियापदासह, असावीत.