बुरुजातली सून

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या चामटोलीत अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहू लागतात. यंदा आमच्या दारातल्या किल्ल्याचा एक बुरूज काही केल्या टिकेना. संध्याकाळी बांधावा आणि सकाळी पाहावे तो ढासळलेला! तेव्हा पोरांतली एक चिमुरडी अगदी सहज म्हणाली, "गुरुजी, ह्याला माणूस लागतं. आजी सांगते."

सगळी पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण हेच वाक्य मी चारच दिवसांपूर्वी बल्गेरियातील एका लोकगीताच्या विवेचनात वाचले होते. मी मॅट्रिक झालेला खेड्यातला मास्तर. बल्गेरियन भाषेचे एक अक्षर मला येत नाही. इंग्रजीतून जे हाती आले तेवढ्यावरच हे लिहितो आहे.

ते गीत असे. तिघे गवंडी भाऊ पूल बांधीत आहेत. दिवसा बांधलेले रात्री कोसळते. पुलाला बळी हवा, असे ठरते. आणि उद्या जिची शिदोरी आधी येईल तिला पायात चिणायचे, अशी आण तिघे घेतात. थोरले दोघे रात्री आपापल्या बायकांना हळूच सावध करतात. धाकटा शब्द पाळतो. सकाळी त्याचीच बायको भाकरी घेऊन येते. दगड चढू लागतात तेव्हा प्रथम तिला ती थट्टाच वाटते. थट्टा नव्हे हे कळल्यावर ती एवढेच मागते, की छातीपाशी एक फट ठेवा, माझे मूल पिते आहे. बल्गेरियात स्त्रुमा नदीवर १४७० च्या सुमाराचा एक दगडी पूल आजही उभा आहे. ही कथा त्या पुलाचीही म्हणून सांगतात. त्या गावाचे नाव नेवेस्तिनो. नावातच नवी नवरी आहे!

मिखाईल अर्नाउदोव्ह हे बल्गेरियाचे थोर लोकसाहित्यपंडित. शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगलेल्या या माणसाने १९२० साली या एका गीतावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला आणि आपल्याकडचे पाठ शेजारच्या देशांतील पाठांशी ताडून पाहिले. ग्रीसमध्ये तो आर्ताचा पूल होतो, सर्बियात स्कादरचा किल्ला, रुमानियात आर्जेशचा मठ. सर्बियन गीत तर याकोब ग्रिमने १८२० नंतरच्या दशकातच जर्मनमध्ये नेले होते. पुढे पंडितांत वाद माजला, की गीत मुळात कोणाचे? ज्याला त्याला ते आपलेच वाटे.

या वादाची हजेरी घेतली ती अ‍ॅलन डंडेस या अमेरिकन अभ्यासकाने. या गीतावरील निबंधांचे पुस्तक त्याने १९९६ साली काढले. बाल्कन पंडितांनी हिंदुस्थानातील पाठांकडे पाहिलेच नाही, असा त्याचा आक्षेप होता. आणि तो रास्तच होय. कन्नड प्रदेशात 'केरेगे हार' हे गीत घरोघर ठाऊक आहे. तळ्याला पाणी लागत नाही म्हणून धाकटी सून भागीरथी तळ्याला दिली जाते. नवरा लष्करात आहे. विसरलेली वाटी आणावयास ती परत तळ्यात उतरते आणि पाणी पायरीपायरीने चढू लागते. डंडेस म्हणतो, ही भिंत म्हणजे विवाहच. पुरुषाचे घर उभे राहावे म्हणून बाई त्यात चिणली जाते. जात्यावर सासुरवास गाणाऱ्या आपल्या आयाबायांना हे सांगण्यासाठी अमेरिकेहून कोणी येण्याची गरज नव्हती. पण त्याने ते ग्रंथात आणले, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे.

तरीही माझे समाधान होत नाही. एक पंडित विचारतो, 'गीत कोणाचे?' दुसरा विचारतो, 'भिंत म्हणजे काय?' तिसरा प्रश्न मात्र बाजूलाच पडतो. भिंत कोणाची आणि तिच्यात माणूस कोणाचे? हा प्रश्न मला सुचला तो आपल्या पुरंदरामुळे.

१८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका दिली आहे. बुरूज पुनःपुन्हा ढासळे. बेदरच्या राजाला स्वप्न पडले, की थोरला मुलगा आणि त्याची बायको पुरल्यावाचून बुरूज उभा राहणार नाही. राजाने स्वप्न येसाजी नाईकाला सांगितले. नाईकाने नाथनाक आणि त्याची बायको देवकाई यांना आणून उभे केले. आश्विन वद्य अष्टमीला ती दोघे पायात गाडली गेली. नाईकाला किल्ला मिळाला, नाथनाकाच्या बापाला इनाम मिळाले. हा इतिहास नव्हे, दंतकथा आहे. पण दंतकथाही काहीतरी जपून ठेवते. 'नाक' हे नावाचे शेपूट कोणत्या वस्तीतले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवा. बल्गेरियन गवंडी रडतो, कारण तो स्वतःचीच बायको चिणतो. म्हणून तेथे गीत झाले. आमच्या कथेत स्वप्न राजाचे, शोध नाईकाचा आणि लेकरे गावकुसाबाहेरची. ज्यांनी घेतले त्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याचे कारणच नव्हते. म्हणून पुरंदरची ही कथा मी ऐकली आणि वाचली ती कोरडीच, देवघेवीच्या नोंदीसारखी. हा भेद गीताचे मूळ शोधून सापडत नाही.

आणि या दोघांना आपण म्हणतो, 'त्यांनी बलिदान केले'! १६६५ साली याच पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे हातात तलवार घेऊन पडला. ते बलिदान होय. तो आपण होऊन गेला. देवकाईला कोणी विचारले होते? बलिदान देणारा देतो, बळी घेणारा घेतो. दोन्हींना एकच शब्द वापरणारे विवेचन, मग ते कितीही विद्वत्तेचे असो, बुरुजावर आणखी एक थर चढवते.

बाल्कन गवंड्यांनी पुढे माणसाऐवजी त्याची सावली दोरीने मोजून ती दोरी पायात पुरावयास सुरुवात केली. पेत्को स्लावेकोव्हच्या प्रसिद्ध काव्यात तर सावली चिणली गेल्यावर नायिका झिजून मरते. आपणही वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा पुरतो. अशा गोष्टींत पूर्वीचे काही आठवत असेल का, असे मनात येते.

आमच्या बुरुजाला काय हवे होते ते दुसऱ्या दिवशी कळले. मातीत वाळू जास्त झाली होती. चिकणमाती घातली, पाया रुंद केला, बुरूज उभा राहिला. त्या संध्याकाळी पोरांना मी पुरंदरची गोष्ट सांगितली. मुरारबाजीचे नाव त्यांना पाठच होते. त्या चिमुरडीने मात्र विचारले, "आणि तिचं नाव काय होतं?"

"देवकाई," मी म्हणालो. तिने ते दोनदा म्हणून पाहिले आणि हातातली पणती त्या बुरुजापाशी ठेवली.