आम्लाचे बळ : समतोलाच्या दृष्टीने एक परीक्षण

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक पुस्तकांत ‘रासायनिक समतोल’ आणि ‘आम्ल व आम्लारी’ ही प्रकरणे बहुधा निरनिराळी ठेवलेली आढळतात. मांडणीच्या सोयीसाठी हे क्षम्य असले, तरी त्यामुळे एक भ्रामक समजूत विद्यार्थ्याच्या मनात घर करते. ती अशी की, आम्लाचे बळ हा त्या पदार्थाचा अंगभूत व स्वयंपूर्ण गुण होय. ही समजूत कितपत टिकते, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘समतोल’ हा शब्दच घ्यावा. तो उच्चारताच स्थिरावलेला तराजू डोळ्यांपुढे येतो. रासायनिक समतोलात मात्र काहीच थांबलेले नसते. पुढची व उलट अशा दोन्ही अभिक्रिया समान वेगाने चालू असतात. गुल्डबर्ग व वागे यांनी १८६४ मध्ये वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला, त्याचे मर्म संहतींच्या परस्परसंबंधात आहे.

हाच नियम आम्लांना लावला म्हणजे ‘दुर्बल’ आणि ‘विरल’ यांतील भेद स्पष्ट होतो. ॲसेटिक आम्लाचा आयनीभवन स्थिरांक २५° सें. तापमानास सुमारे ०.००००१८ आहे. त्याच्या ०.१ मोलर जलीय द्रावणात सुमारे १.३ टक्के रेणूंचेच आयनीभवन झालेले असते. द्रावण दहापट विरल केल्यास हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर जाते. तथापि हायड्रोजन आयनांची संहती घटून जवळजवळ एकतृतीयांश होते. आयनीभवन वाढले, पण आम्लता उणावली! समतोलाचे प्रकरण बाजूस ठेवणाऱ्यास हे कोडे उलगडणे कठीण.

अऱ्हेनियसच्या सिद्धांताने आम्लाची व्याख्या पाण्याशी जखडली. त्यामुळे अमोनियाची आम्लारिता समजावण्यासाठी ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ या रेणूची कल्पना करावी लागली. वस्तुतः द्रावणात बहुतांश अमोनिया रेणुरूपानेच असतो. ब्रन्स्टेड व लॉरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे ही अडचण दूर केली. प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. या दृष्टीने बळ म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्यांमधील नाते ठरते. पाण्यात दुर्बल असलेले ॲसेटिक आम्ल द्रवरूप अमोनियात प्रबल होते, कारण अमोनिया पाण्यापेक्षा प्रोटॉनचा अधिक उत्सुक ग्राहक आहे.

तथापि ही व्याख्याही सर्वव्यापी नव्हे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडजवळ द्यावयास प्रोटॉनच नाही. त्याचे आम्लत्व समजण्यास लुईसच्या इलेक्ट्रॉन-युग्माच्या कल्पनेचा आश्रय घ्यावा लागतो. म्हणून नव्या व्याख्येने जुनी खोडून काढली, असे शिकविणे अयुक्त होय. साध्या जलीय द्रावणांच्या क्षेत्रात अऱ्हेनियसची व्याख्या आजही उपयोगी पडते. दोष तिच्या मर्यादा न सांगण्यात आहे.

‘उदासीन द्रावणाचा सामू ७’ हे विधानही याच दोषाचे उदाहरण. पाण्याच्या आयनीभवनात उष्णता शोषली जाते. तापमान वाढले की ते वाढते, आणि ६०° सें. ला शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.५ भरतो. ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते. दोन्ही आयनांची संख्या समानच राहते.

सारांश, आम्लाचे बळ सांगताना द्रावक व तापमान सांगितलेच पाहिजे. तेवढी शिस्त पाळली, तर ही दोन प्रकरणे वस्तुतः एकच आहेत, हे विद्यार्थ्यास आपोआप उमगेल.