सरळ रेषेवर किती विसंबावे?

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबारहून गाडी जाते, तेव्हा तिचे प्रत्येक चाक रुळावर भार टाकते आणि काढून घेते. एका भाराने रूळ तुटत नाही. पण हेच लाखो वेळा घडले, की एखाद्या बारीक दोषापासून तडा निघतो आणि कणाकणाने वाढतो. ही धातूची श्रांती. तडा सापडल्यावर पुढची तपासणी कधी करावी हे ठरवायचे, तर तड्याच्या वाढीचा वेग माहीत हवा.

त्यासाठी १९६३ साली पॉल पॅरिस व फाझिल एर्दोगान यांनी मांडलेला नियम वापरतात. तड्याच्या टोकाशी प्रतिबलाची तीव्रता प्रत्येक आवर्तनात जितकी खालीवर होते, तिच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात तडा वाढतो. अनेक धातूंसाठी हा घात तीनच्या आसपास असतो. दोन्ही अक्षांवर लॉग घेतले, की सरळ रेषा मिळते.

नियम उपयुक्त आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती बिंदूंमधून रेषा ओढून, सहसंबंध गुणांक एकाच्या जवळ आला म्हणून समाधान मानण्याच्या पद्धतीविषयी.

पहिला आक्षेप असा, की लॉगमुळे चूक लहान दिसते. लॉग-अक्षावर ०.१ चे अंतर म्हणजे वेगात २६ टक्क्यांचा फरक आणि ०.३ म्हणजे जवळजवळ दुप्पट. अक्षावर वेग हजारपटीने बदलत असेल, तर एवढ्या चुका असूनही गुणांक उत्तमच येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेषा बसवताना प्रत्येक बिंदूची चूक स्वतंत्र आहे असे आपण गृहीत धरतो. १९७९ साली व्हर्कलर, हिलबेरी व गोयल यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ६८ सारखे नमुने, सारखाच भार आणि प्रत्येक नमुन्यात तड्याच्या १६४ लांबींना आवर्तनांची नोंद. शेवटच्या लांबीपर्यंत पोचायला काही नमुन्यांना दोन लाखांहून थोडी अधिक, तर काहींना तीन लाखांवर आवर्तने लागली. आता हिशेब करू. टप्प्यागणिक २६ टक्के चूक असती आणि ती पूर्णपणे स्वतंत्र असती, तर १६३ समान टप्प्यांच्या बेरजेत ती वर्गमूळाच्या नियमाने सुमारे २ टक्क्यांवर आली असती. प्रत्यक्ष तफावत याहून कितीतरी मोठी आहे. म्हणजे चुका एकमेकींना पुसत नाहीत. जो नमुना वेगाने तडकतो, तो बराच काळ वेगानेच तडकत राहतो. सर्व नमुन्यांचे बिंदू एकत्र करून एकच रेषा ओढली, की हीच माहिती हरवते. तपासणीचा काळ त्या सरासरी रेषेवरून ठरवला, तर जलद तडकणारा नमुना तपासणीआधीच तुटेल.

म्हणून प्रत्येक नमुन्याची रेषा वेगळी काढावी, आणि रेषेपासून उरलेल्या चुकांचाही आलेख काढावा. त्या चुका शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या आहेत, की सलग एकाच बाजूला आहेत, हे पाहावे.

कोरीटसारख्या गावातील शाळेतही याचा पहिला धडा देता येईल. दोन वेगळ्या डब्यांतील प्रत्येकी तीस पेपर क्लिपा घ्या. प्रत्येक क्लिप सारख्याच कोनात वाकवून तुटेपर्यंतचे हेलकावे मोजा. तड्याची लांबी यात मोजता येत नाही. पण एका डब्यातील क्लिपांमधील फरक आणि दोन डब्यांमधील फरक या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्याच आकड्यांवरून दिसेल. सरासरी त्यानंतर काढायला सांगावी.