शक्तिमान, गिरक्या आणि प्रेक्षकांचे तर्क

‘शक्तिमान’ ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, ती पुन्हा दाखवली गेली, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांनाही ती अपरिचित नसावी. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या शाळेत मात्र या मालिकेचा खरा भाग सोमवारी, मधल्या सुट्टीत होत असे. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. एखाद्या गल्लीत पहिली दहा मिनिटे दिसत, दुसऱ्या गल्लीत शेवटची. काही घरांत अँटेना फिरवूनही पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग सोमवारी सगळे मिळून भाग जुळवायचे आणि जो तुकडा कोणीच पाहिलेला नसे तो तर्काने भरून काढायचे. पुढच्या रविवारी मालिकेच्या सुरुवातीला मागच्या भागातली दृश्ये दाखवत, तेव्हा आपला तर्क बरोबर होता की चूक ते कळे. प्रयोगशाळेत आल्यावर, अपुऱ्या निरीक्षणांतून मधला भाग काढण्याचे हेच काम मी पगार घेऊन करू लागलो.

या लेखात मालिकेपेक्षा तिच्या प्रेक्षकांच्या तर्कांचे परीक्षण करायचे आहे. तरी मालिकेविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. मुकेश खन्ना यांचा शक्तिमान एरवी ‘आज की आवाज’ या वृत्तपत्रात काम करणारा वेंधळा गंगाधर असतो. त्याचे सामर्थ्य पंचमहाभूते, योग आणि कुंडलिनीची सात चक्रे यांतून येते. शत्रू तमराज किल्विष म्हणजे अंधार. या अंधाराच्या नोकरीत एक शास्त्रज्ञ आहे, डॉ. जैकाल, जो उठल्याबसल्या ‘पॉवर’ म्हणून ओरडतो. म्हणजे सद्गुण तपश्चर्येकडे आणि प्रयोगशाळा खलनायकाकडे, अशी ही वाटणी. मला ती तेव्हाही खटकत असे. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह १९७९ मध्येच आलेला होता. त्याच दूरदर्शनवर १९९० च्या दशकात ‘टर्निंग पॉइंट’मधून प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना, प्रश्न कितीही भाबडा असला तरी, न हसता उत्तरे देत होते. ‘शक्तिमान’च्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ असत. त्यांत हात धुण्यापासून खरे बोलण्यापर्यंत सारे सांगितले जाई, आणि चुकलेले मूल ‘सॉरी शक्तिमान’ म्हणे. मुलाने ‘हे कशावरून?’ असे विचारल्याचे मात्र मला आठवत नाही.

तो प्रश्न आम्ही सोमवारी विचारत होतो. शक्तिमान स्वतःभोवती गरागरा फिरत उडतो, हे सर्वांना ठाऊक. फिरल्याने उडता कसे येते? एका मुलाचे म्हणणे असे, की गोफणीत दगड गरागरा फिरवला की सुटून लांब जातो, तसेच हे. ज्वारीवरची पाखरे हाकलणाऱ्या घरातला तो मुलगा. गोफण त्याच्या हातातली. त्याला उत्तरही तसल्याच घरातल्या मुलाने दिले. गोफणीतला दगड वर जात नाही, फिरण्याच्या वर्तुळाला स्पर्श करून आडवा सुटतो. मग शक्तिमानही आडवा जायला हवा, आणि तोही सबंध नाही, तुकड्यांनी! पाठ्यपुस्तकातली स्पर्शरेषा आम्हाला त्या वर्षी शिकवली गेली होती की नाही ते आठवत नाही, पण ती कळली तेथे.

दुसरा तर्क भिंगरीचा होता. बांबूच्या काडीला पिळदार पाते लावलेले खेळणे तळहातांत घुसळून सोडले की वर जाते, जत्रेत मिळते. म्हणून शक्तिमानही जातो. हा तर्क वर्गात पडताळून पाहण्याजोगा आहे. नुसती पेन्सिल तळहातांत घुसळून सोडा. ती खाली पडेल. आता तिच्या टोकाला पुठ्ठ्याची पट्टी लावा आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना पंख्याच्या पात्यांसारखा तिरकेपणा द्या. पिळाची दिशा जमली तर ती क्षणभर तरंगेल, कदाचित थोडी वरही जाईल. मग पट्टी सपाट करून पुन्हा सोडा. उचलणारी गोष्ट गिरकी नसून तिरके पाते आहे. ते हवेला खाली ढकलते आणि हवा त्याला वर ढकलते. शक्तिमानच्या अंगाला तसे पाते कोठेच नाही. सुपरमॅनसारखा झगाही नाही.

जाता जाता एक गणित. सेकंदाला दहा गिरक्या धरल्या, तर कोनीय वेग सुमारे ६३ रेडियन प्रतिसेकंद होतो. अक्षापासून आठ सेंटिमीटरवर असलेल्या कानाला लागणारे त्वरण निघते सुमारे ३१६ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ३२ पट. लढाऊ विमानांचे वैमानिक विशेष पोशाख घालून, तेही थोडाच वेळ, नऊ पटींच्या आसपास सोसतात. कोणी म्हणेल, काल्पनिक पात्राला असली गणिते लावणे हा अरसिकपणा आहे. मला तसे वाटत नाही. ज्या मुलाला हे गणित आपण होऊन करावेसे वाटते, त्याने मालिका इतरांपेक्षा जास्तच मन लावून पाहिलेली असते.

आता कडू भाग. मालिका ऐन भरात असताना, शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी उंचावरून उड्या टाकल्याच्या, पेटवून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. त्यांतल्या किती खऱ्या यावर तेव्हा वाद झाला, आणि मालिकेतूनच मुलांना तसे न करण्याविषयी बजावण्यात आले. शाळांमधून काय झाले? आमच्याकडे तरी वर्गात त्या मालिकेचे नाव काढायचे नाही, असा हुकूम निघाला. ‘ते सगळं खोटं असतं’ एवढेच कारण सांगितले गेले. हे कारण लहान मुलाला पुरत नाही. तो मुकेश खन्ना नावाचा नट आहे हे मुलाला माहीत असते आणि तरीही तो येईल असे वाटते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदतात. ‘संकटात सापडलो तर शक्तिमान येईल’ हा एक तर्कच होता, फक्त त्याची परीक्षा जीवघेणी होती. अशा तर्काला हुकूम देऊन काय होणार? जीव न घेणारी दुसरी परीक्षा दाखवून द्यायला हवी होती.

ती आमच्यातल्या एका मुलीने, हुकूम मोडून, शोधली. तिचे निरीक्षण असे की शक्तिमान बहुतेक वेळा गीता विश्वास नावाची ती पत्रकार असते त्याच्या आसपासच पोहोचतो. ‘आता गीता विश्वास कवठे महांकाळला कशाला येईल?’ यावर कोणाला काही बोलता येईना. सगळे हसले, पण त्या दिवसानंतर पाण्याच्या टाकीवर चढण्याच्या गप्पा बंद झाल्या हे मला स्पष्ट आठवते. मालिका खोटी आहे असे ती म्हणालीच नाही. मालिकेतला पुरावा घेऊन त्यातून निघणारा निष्कर्ष तिने आम्हाला दाखवला. शिक्षकांनी वर्गात ही चर्चा घडवली असती तर आणखी किती वर्गांत अशी मुलगी निघाली असती, असे राहून राहून वाटते.

येथवर मी प्रेक्षकांच्या बाजूने बोललो. त्यांच्या विचारात एक खोट आहे, ती आता सांगतो. त्यासाठी अलीकडचे आणि दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर २०१६ मध्ये ‘वेस्टवर्ल्ड’ नावाची विज्ञानकाल्पनिक मालिका सुरू झाली. यंत्रमानवांनी भरलेल्या एका करमणूक उद्यानाची ही कथा. काही प्रेक्षकांच्या लक्षात आले की उद्यानाचे बोधचिन्ह काही प्रसंगांत एका धाटणीचे आणि काही प्रसंगांत दुसऱ्या धाटणीचे दिसते. त्यावरून त्यांनी ताडले, की एकाच वेळी घडताहेत असे वाटणारे प्रसंग प्रत्यक्षात दोन वेगळ्या काळांतले आहेत, आणि तरुण विल्यम व काळ्या कपड्यांतला म्हातारा हा एकच माणूस आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात हेच खरे निघाले. निरीक्षण, त्यावरून अनुमान, मग भाकीत आणि शेवटी पडताळा. शाबासकी द्यावी असेच काम.

पण हे अनुमान जमले कशामुळे? बोधचिन्ह तेथे कोणीतरी मुद्दाम ठेवले होते म्हणून. मालिकेला लेखक असतो. पडद्यावर दिसलेले घड्याळ, जखमेचा वण, भिंतीवरचे चित्र यांमागे बहुधा हेतू असतो, आणि दोन गोष्टी एका चौकटीत आल्या तर त्यांचा संबंध निघणार हे गृहीत धरायला हरकत नसते. चांगला प्रेक्षक हे गृहीत धरूनच पाहतो. निसर्गाकडे पाहताना मात्र हेच गृहीतक घात करते. तेथे कोणी चौकट लावलेली नसते.

आमच्याच तालुक्यातले उदाहरण आहे. शतक बदलता बदलता ढालगावच्या परिसरात पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २००३ साली पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व भागात तीव्र दुष्काळ पडला. जनावरांच्या छावण्या लागल्या. त्या काळात सातारा-सांगलीकडे गावोगाव एक तर्क पसरला, की पवनचक्क्यांची पाती ढग पिटाळून लावतात. दोन नव्या गोष्टी एका चौकटीत दिसल्या आणि लोकांनी कथा जुळवली.

गोफणीच्या दगडाला लावला तोच कस येथे लावू. पवनचक्कीचा मनोरा असतो पन्नास-ऐंशी मीटरांचा. पावसाळी ढगांचा तळ सहसा काहीशे मीटरांवर आणि त्यांची जाडी काही किलोमीटर. शिवाय १८७६-७८ चा आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा एकही पवनचक्की नव्हती. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्री चढताना घाटमाथ्यावर बरसते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तीच हवा पूर्वेकडे उतरताना तापते, कोरडी होते आणि आमच्या वाट्याला पाचशेच्या आसपास मिलिमीटर उरतात. मात्र वारा उरतोच. पठारावर तो पावसाळ्यात जोराने वाहतो, म्हणून पवनचक्क्या तेथे उभारल्या. म्हणजे संबंध आहे, पण लोक समजतात तो नाही. जी भूरचना पाऊस अडवते तिनेच वाऱ्याची ही जागा दिली. मूळ कारण एक आणि त्याचे परिणाम दोन, ही गोष्ट शिकवायला याहून जवळचे उदाहरण आमच्या भागातल्या शिक्षकाला मिळणार नाही. पावसाचे आकडे मंडलनिहाय ठेवलेले असतात आणि तहसील कार्यालयात मिळतात. आठवी-नववीच्या मुलांना पवनचक्क्यांच्या आधीची वीस आणि नंतरची वीस वर्षे आलेखावर मांडता येतील.

२०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी याच दुष्काळी पट्ट्यात परतीच्या पावसाने द्राक्षबागांची हानी केली. पवनचक्क्या होत्या तेथेच होत्या. त्या दिवाळीत गावी गेलो असताना नात्यातल्या एका वयस्कर मामांना मी हे सांगितले, जरा विजयी मुद्रेनेच. त्यांची दीड एकर बाग कुजली होती. ते म्हणाले, “आता ढग वढून आणत्यात त्या.” मी म्हटले, “मामा, मग २००३ साली का नाही आणले?” त्यांनी पानाला चुना लावत क्षणभर विचार केला. “तवा वारं उलटं व्हतं,” ते म्हणाले.